हँगरमधले शंकेखोर

चि. वैमानिकबाईंस अनेक आशीर्वाद.

तुझी लांबलचक मेल दोनदा वाचली. शनिवारी इथे कोलोरॅडोतल्या लाँगमाँटच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडमध्ये, कॉफी पिताना दाढीवाले आजोबा म्हणाले की करोना म्हणजे निव्वळ थोतांड होतं, आणि बाकीच्या तिघांनी माना डोलावल्या. त्या काळात तुझी आई नाशिकला करोना वॉर्डात नर्स होती. तुझ्या अंगाचा तिळपापड झाला यात नवल नाही. पण शेवटी तू विचारलंयस, की अशा माणसांकडून विमान शिकावं का? जरूर शिकावं. फक्त काय उचलायचं आणि काय कॉफीच्या कपाबरोबर तिथेच ठेवून यायचं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली, म्हणून लिहितोय.

आजोबांचं प्रीफ्लाइट, म्हणजे उड्डाणाआधीची तपासणी, नीट बघ. विमान त्यांचं स्वतःचं, 1976 ची सेसना 172, आदल्या दिवशीच उडवलेली. तरी गुडघे कुरकुरत ते पंखाखाली वाकतात, पारदर्शक पेल्यात टाकीतलं थोडं पेट्रोल काढतात आणि पेला उजेडात धरतात. रंग निळा असला की ते आपलं 100 लो-लेड, छोट्या विमानांचं पेट्रोल. तळाशी वेगळा थेंब लोळताना दिसला की पाणी, कारण पाणी जड. एकदा एका पाहुण्याने विचारलं, "कुठेच थेंब दिसत नाहीये, म्हणजे पाणी नाही ना?" आजोबा म्हणाले, "पेला पूर्ण पाण्याने भरला असेल तरी थेंब दिसणार नाही. रंग बघ, वास घे." पेट्रोल भरणारा पोरगा त्यांच्या विश्वासातला आहे. पेला तरीही निघतोच.

हेच आजोबा विमानामागच्या पांढऱ्या रेघांना 'विषारी फवारणी' म्हणणाऱ्यांची यथेच्छ टिंगल करतात. इंजिनातून निघालेली वाफ उणे चाळीसच्या हवेत गोठते, एवढी साधी गोष्ट लोकांना कळू नये याचं त्यांना हसू येतं. तिथे त्यांना खरं-खोटं चटकन कळतं, कारण तिथे त्यांचे हात काळे झालेत. विषाणूच्या बाबतीत त्यांच्या हातात पेलाच नव्हता, पण आवाज मात्र पेला धरल्यासारखाच चढा होता. तुला गोंधळात टाकलं ते या आवाजाने.

आणखी एक गोष्ट तुला बाहेरून दिसणार नाही. डॉक्टर या माणसाबद्दल या मंडळींच्या मनात जुनीच अढी आहे. तुझ्या-माझ्यासाठी डॉक्टर म्हणजे बरं करणारा. यांच्यासाठी तो लायसन्सची दोरी हातात धरून बसलेला माणूस. छातीत धडधडतं असं बोलून गेलं की मेडिकल, म्हणजे उडायला लागणारा तब्येतीचा दाखला, अडकलं, आणि मेडिकल अडकलं की पुढचे कित्येक महिने विमान जमिनीवर. त्यामुळे दुखणी लपवण्याची सवय इथे फार जुनी आहे. 2017 पासून छोट्या विमानांसाठी बेसिकमेड नावाची सोपी वाट निघाली, तेव्हा या हँगरमध्ये केक कापला होता. अशा लोकांना 2020 मध्ये आरोग्य खात्याने 'घरात बसा' म्हटल्यावर काय वाटलं असेल, बघ. त्यात आधी मास्कची गरज नाही असं सांगून 3 एप्रिल 2020 ला कापडी मास्क लावायचा सल्ला आला. आजोबा अजून ती तारीख तोंडावर फेकतात. मी त्यांना एकदा म्हटलं, सकाळचा हवामान अंदाज दुपारी सुधारून आला तर तुम्ही त्याला लबाडी म्हणता का? उलट सुधारलेला अंदाज न बघता उडणाऱ्याला तुम्हीच मूर्ख म्हणता. ते नुसते हुंकारले. तेवढंही पुष्कळ होतं.

आता ऑक्सिमीटरची गोष्ट. 2016 च्या उन्हाळ्यात आजोबांबरोबर मी डोंगरातल्या लेडव्हिलला निघालो होतो. तो विमानतळच साधारण 9,900 फुटांवर आहे आणि वाटेतली खिंड ओलांडायला आम्ही 13,000 वर होतो. 12,500 ते 14,000 फुटांदरम्यान अर्ध्या तासापर्यंत ऑक्सिजनशिवाय चालतं, म्हणजे कायद्यात बसत होतं. मी मजेत नाट्यगीत गुणगुणत होतो. आजोबांनी माझं बोट धरून ऑक्सिमीटरचा चिमटा लावला. रक्तातला ऑक्सिजन 84 टक्के. मी म्हटलं, मला तर छान वाटतंय. ते म्हणाले, "तीच तर खूण आहे. शंभरातून सात-सात वजा करत जा." त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी... आणि पुढे कोरी पाटी. त्यांनी मुकाट्याने विमान खाली घेतलं.

एप्रिल 2021. साताऱ्याहून वहिनीचा व्हिडिओ कॉल. दादाला चार दिवस ताप, पण उशीला टेकून हसत बोलत होता, "काही झालं नाहीये रे मला, उगाच घाबरू नकोस." वहिनीने ऑक्सिमीटर कॅमेऱ्यासमोर धरला. 83. मी म्हटलं, दादा, शंभरातून सात वजा कर. तो त्र्याण्णव म्हणाला आणि मग विचारलं, "काय करायचं होतं?" वहिनीला सांगितलं, त्याचं काही ऐकू नका, आकड्याचं ऐका आणि निघा. बेड मिळेपर्यंत रात्र गेली. अकराव्या दिवशी घरी आला. हँगरमधल्या त्या शंकेखोराने मला खिंडीवर शिकवलं नसतं, तर मीही दादाच्या हसण्यावर विसंबलो असतो.

हे सगळं आजोबांना सांगितलं. त्यांनी लस घेतली नाहीच, मतही बदललं नाही. पुढच्या आठवड्यात मात्र तीन ऑक्सिमीटर मागवून हँगरच्या प्रथमोपचार पेटीत टाकले. माणूस असा असतो बघ, सरळ रेषेत कुठेच बसत नाही.

फार शहाणपणा सांगतोय असं वाटेल, म्हणून माझीही एक फजिती. नवीन असताना मी याच टेबलावर छाती फुगवून सांगितलं होतं, की राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, 1895 मध्ये, शिवकर बापूजी तळपद्यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं. आमच्या मेकॅनिकने पाना खाली न ठेवताच विचारलं, "इंजिन कुठलं? वजन किती? किती वेळ हवेत?" माझ्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं. राग आला तो त्याचा, स्वतःचा नाही. घरी येऊन शोधलं तर त्या उड्डाणाचा ठोस पुरावा हाती लागला नाही. ज्या 'वैमानिक शास्त्र' नावाच्या संस्कृत ग्रंथाचा आपण दाखला देतो, ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी 1974 मध्ये तपासलं होतं. ग्रंथ 1904 च्या आधीचा नाही आणि त्यातली विमानं उडण्याजोगी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष. तो वाचून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

म्हणून पुढच्या शनिवारी भांडू नकोस, मेकॅनिकसारखं विचार. ऑक्टोबर 2022 मध्ये एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान खात्याने, ईसीजीतल्या पीआर इंटरव्हलची (हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत विजेचा इशारा पोचायला लागणाऱ्या वेळेची) मर्यादा 300 मिलिसेकंदांपर्यंत वाढवली, तेव्हा 'लशीमुळे वैमानिकांची हृदयं बिघडली म्हणून नियम सैल केला' ही अफवा इथेही आली होती. आजोबांना एवढंच विचार: नियम बदलायचं कारण एफएएने काय दिलंय ते वाचलंत का? आणि काय दिसलं तर तुमचं मत बदलेल? उत्तर आलं तर बोलणं पुढे ने. नाही आलं तर विषय कार्ब्युरेटरकडे वळव, त्यात ते बाप आहेत. आईबद्दल मात्र कोणी वेडंवाकडं बोललं तर उठून ये, मी आहे.

लायसन्सच्या लेखी परीक्षेत वैमानिकाच्या पाच घातक वृत्ती हमखास विचारतात. पहिलीच 'मला कोणी शिकवू नये' ही, आणि तिच्यावरचा उतारा 'नियम पाळा, ते बहुधा बरोबर असतात' असा. त्यातला 'बहुधा' गाळून पाठ करू नकोस. सरकारी पुस्तकात असा शब्द ठेवणाऱ्याला मला एकदा भेटायचंय.

आईला नमस्कार सांग. लेडव्हिलचा बेत सकाळचा ठेव, दुपारी डोंगरावर ढग दाटतात.

तुझा,
काका

ता. क. तुला दिलेला ऑक्सिमीटर त्या पेटीतलाच आहे. परत ठेवताना सेल बदल. आजोबा दर महिन्याला तपासतात.