मुंबईत फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी कुत्र्याचा अंत्यविधी कुठे करावा?

तुमचा लॅब्रॅडॉर आता थकलाय, डॉक्टरांनी हात टेकलेत आणि सोसायटीच्या बागेत पुरलं तर चालेल का, असं विचारताय. पुरू नका. सोसायटीची बाग म्हणजे बहुतेक ठिकाणी टाकीवरच्या स्लॅबवर पसरलेली हातभर माती. पावसात ती खचते, भटकी कुत्री उकरतात आणि मग सेक्रेटरी ग्रुपवर फोटो टाकतो. त्यातून इंजेक्शन देऊन निजवलं असेल तर ते औषध देहात राहतं, उकरून खाणारं जनावरही दगावू शकतं.

आमचा शेरू मुलुंडला ऐन जुलैत पहाटे गेला. थोरले दीर मुक्कामाला होते. चहा फुंकत म्हणाले, "गोणीत घाला नि ऐरोलीच्या पुलावरून द्या सोडून खाडीत. कुत्रंच ते!" यांचीच पोरं दर मे महिन्यात शेरूच्या अंगावर लोळायची. मी काही बोलायच्या आत सासूबाई उठल्या, कपाटातलं आपलं जुनं, मऊ सुती लुगडं काढलं आणि माझ्या हातात दिलं. दिरांनी पेपर तोंडासमोर धरला तो आम्ही निघेपर्यंत.

अंग ताठायच्या आत पाय पोटाशी दुमडून घ्या, दोन-तीन तासांतच ते कडक होऊ लागतात. खाली जाड चादर घाला, लघवी सुटते. पट्टा काढला तर मानेभोवती केस झिजून नुसती गुलाबी कातडी उरलेली. तिथे मी बराच वेळ बोटं फिरवत बसले. लिफ्टमध्ये 'कुत्र्यांना मनाई'ची पाटी होती. वॉचमनने दार धरून ठेवलं आणि शेरू लिफ्टनेच खाली उतरला.

आम्ही त्याला परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात नेलं, तिथे दहन झालं. आता मालाडला एव्हरशाइन नगरात पालिकेची लहान प्राण्यांसाठी दहनभट्टी आहे. 2023 मध्ये सुरू झाली, पाइप गॅसवर चालते, पैसे घेत नाहीत. फोन करून मगच निघा आणि डॉक्टरांकडून मृत्यूचा दाखला लिहून घ्या. पालिकेचं लायसन असेल तर तेही रद्द करून टाका.

घरातल्या शहाण्यांना मात्र आत्ताच सांगून ठेवा की ज्याने कधी पहाटे त्याला फिरवून आणलं नाही, त्याने यात तोंड घालायचं नाही. आमच्या दिरांनी नंतर "सुतक किती दिवसांचं?" असंही विचारून घेतलं. आज त्यांच्याकडे पग आहे, एसीशिवाय झोपत नाही. ऐरोलीच्या पुलाचा विषय मी येत्या गणपतीत सगळ्यांसमोर काढणार आहे.

हां, गावाला स्वतःची जमीन असेल तर पुरायलाही हरकत नाही. चांगला चार फूट खड्डा घ्या, विहिरीपासून लांब, आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका.