रोमन नाण्यांवरचा राजकीय प्रचार सामान्य माणसापर्यंत खरंच पोहोचत होता का?

पोहोचत होता, असं माझं ठाम मत आहे. अक्षरं सगळ्यांना वाचता येत नसत, पण चेहरा आणि चिन्ह कळायला शिक्षण लागत नाही.

ब्रूटसचंच नाणं घ्या. इ.स.पू. 44 च्या सुरुवातीला रोमच्या टांकसाळीत ज्युलियस सीझरच्या चेहऱ्याची नाणी पाडली गेली. हयात रोमन माणसाचा चेहरा तिथल्या नाण्यावर येणं म्हणजे राजेपणाचा दावाच. मार्चमध्ये ब्रूटस आणि त्याच्या साथीदारांनी सीझरचा खून केला. पुढच्या दोनेक वर्षांत ब्रूटसने आपल्या सैन्याच्या पगारासाठी चांदीची डिनेरियस नावाची नाणी पाडली. मागच्या बाजूला दोन खंजीर, मधे गुलामीतून सुटलेल्याची टोपी आणि खाली खुनाची तारीख. निरक्षर सैनिकालाही पगार हातात पडताच कळावं की आपण कशासाठी लढतोय! पण पुढच्या बाजूला चेहरा कोणाचा? खुद्द ब्रूटसचा. ज्या कारणासाठी सीझरला मारलं, तेच त्याने केलं. मला हे नाणं त्या काळातल्या कुठल्याही भाषणापेक्षा बोलकं वाटतं. दोनशेहून अधिक वर्षांनी इतिहासकार कॅसियस डिओने त्याचं वर्णन लिहून ठेवलं, इतकं ते लक्षात राहिलं होतं.

लोक चेहरा बघून नाणं पारखत, याचा दाखला तत्त्वज्ञ एपिक्टेटसच्या प्रवचनांत आहे. छाप सम्राट ट्राजनची असेल तर घे, सम्राट नीरोची असेल तर फेकून दे, अशा अर्थाचं तो बोलतो.

कलेच्या दृष्टीने मात्र नीरोचीच मोठी पितळी सेस्टर्टियस नाणी बघावीत. रोमजवळचं ओस्टियाचं बंदर, त्यातली जहाजं वरून दिसावीत तशी एवढ्याशा वर्तुळात कोरलेली आहेत, आणि सम्राटाची जाड मानही कलाकाराने लपवलेली नाही.

धातूचा कस मात्र घसरत गेला. नीरोने इ.स. 64 च्या सुमारास डिनेरियसचं वजन आणि चांदी दोन्ही कमी केली. सम्राट गॅलिएनसच्या काळापर्यंत नाणं म्हणजे चांदीचा मुलामा दिलेलं तांबं उरलं. त्यावर ‘सैन्याची निष्ठा’ असा मजकूर येई, आणि त्याच काळात एकामागून एक सेनापती बंड करत होते. 268 मध्ये गॅलिएनसला त्याच्याच अधिकाऱ्यांनी मारलं. लोकांनीही त्या मजकुरावर विसंबून चालवलं नाही: जुनी, चांगल्या चांदीची नाणी ते पुरून ठेवत आणि नवी खर्चून टाकत.