लाटांच्या पट्ट्यातून वर आलेले हिमोढ

स्वीडनचा ‘हाय कोस्ट’ आणि समोरची फिनलंडची क्वार्केन बेटे यांबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना ही उत्तरे.

प्रश्न : तिथे समुद्र ओसरतोय की जमीन वर येतेय?

जमीन. हिमयुगात इथे सुमारे 3 किलोमीटर जाडीचा बर्फ होता. त्याच्या भाराने भूकवच दबले आणि त्याखालचा सावकाश वाहणारा खडकाचा थर, म्हणजे प्रावरण, बाजूला सरकला. बर्फ गेला, पण प्रावरण फार सावकाश परत येते, म्हणून जमीन आजही वर्षाला साधारण 8 मिलिमीटर उचलली जाते. तापमानाच्या एककाला ज्याचे नाव आहे, त्या स्वीडिश शास्त्रज्ञ सेल्सियसने 1731 मध्ये स्वीडनमधल्या येवले (Gävle) शहराजवळच्या बेटावर पाण्याची पातळी खडकावर कोरून ठेवली होती. पाणीच आटत चालले आहे, असे त्याला वाटत होते.

प्रश्न : मग हिमोढ जसेच्या तसे का दिसत नाहीत?

कारण समुद्रातून वर येताना प्रत्येक टेकडीला लाटांचा मारा खावाच लागतो. हिमोढ म्हणजे बर्फाने ओढून आणलेली सरमिसळ : गाळ, वाळू, खडे, धोंडे. लाटा बारीक माल धुऊन आडोशाच्या खाडीत नेतात. जड गोटे मागे राहतात आणि एकमेकांवर घासून गुळगुळीत होतात. हाय कोस्टवरच्या नोरफेल्सविकेनला अशा गोट्यांचे बांध पायरीपायरीने चढत गेले आहेत. प्रत्येक बांध म्हणजे एक जुना किनारा. पाण्यालगतचे गोटे स्वच्छ, तर वरच्यांवर दगडफुलाचे थर. पाठ्यपुस्तकातली हिमोढाची नीटस आकृती उघड्या किनाऱ्यावर शोधू नका.

सगळ्यात बोलका पुरावा हाय कोस्टवरच्याच स्कुलेबेर्येत डोंगरावर आहे. सुमारे 286 मीटरच्या वर लाटा कधी पोचल्याच नाहीत. तिथे हिमोढाची माती शाबूत आहे आणि तिच्यावर जंगल आहे. त्या रेषेखाली धुऊन निघालेला उघडा खडक.

प्रश्न : 8 मिलिमीटरने 286 मीटर व्हायला 35 हजार वर्षे लागतील. हिशेब जुळत नाही.

प्रश्न अगदी योग्य. बर्फ इथून हटून सुमारे 10,500 वर्षेच झाली. सुरुवातीला उचल कितीतरी जलद होती, नंतर मंदावत गेली.

प्रश्न : समुद्रपातळी वाढतेय, हा भाग बुडेल का?

जगभरातली सरासरी वाढ सध्या वर्षाला चारेक मिलिमीटर आहे. तिने उचलीचा बराच भाग खाल्ला, तरी आजवर जमीनच पुढे आहे. क्वार्केन उथळ असल्याने तिथे दरवर्षी सुमारे 1 चौरस किलोमीटर नवी जमीन उघडी पडते. बर्फाच्या कडेला पाण्याखाली साचलेले हिमोढांचे बुटके, समांतर बांध तिथे एकामागून एक डोके वर काढतात.

प्रश्न : ही नवी जमीन कोणाची?

फिनलंडमध्ये ज्याचे पाणी, त्याची जमीन. बरेचदा ते पाणी गावकऱ्यांच्या सामाईक मालकीचे असते. मच्छीमारांना मात्र होड्यांच्या शेडी ओसरत्या पाण्यामागोमाग हलवाव्या लागतात.