झेडपीच्या गुरुजींना ऐंशी हजार पगार, मग शाळेत फक्त गरिबांचीच पोरं का उरली?

हाच प्रश्न माझे साडू दर दिवाळीला विचारतात, म्हणून लिहायला बसलो.

आधी पगाराचं. मी २००४ ला शिक्षणसेवक म्हणून लागलो. महिना ३,००० रुपये, तीन वर्षं. पहिलं मानधन पाचव्या महिन्यात हातात पडलं, तोवर किराणा उधारीवर. तेव्हा साडूंचं दुकान जोरात होतं, माझा पगार कुणी विचारत नव्हतं. आज नव्या शिक्षणसेवकाला १६,००० मिळतात, तेही २०२३ पासून. ऐंशी हजाराचा आकडा वीस वर्षं घासल्यावरचा आहे.

आता पोरांचं. माझी शाळा बीड जिल्ह्यात, धारूरच्या डोंगरपट्ट्यात, पहिली ते चौथी. पट ५८, म्हणून शिक्षक दोन. पट धरतात ३० सप्टेंबरचा आणि गाव ऊसतोडीला निघतं दसऱ्यानंतर. एका वर्षी दिवाळीची सुट्टी संपवून शाळा उघडली, तर समोर २३ पोरं.

गेलेल्यांत तिसरीतली एक मुलगी होती. पाढे घडाघडा म्हणायची. आईबाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, आणि धाकट्या भावाला कोपीवर, त्यांच्या तिथल्या झोपडीत, सांभाळायला ही. आईबाप तोडीला गेलेल्या पोरांसाठी गावात हंगामी वसतिगृह असतं, तिथं ठेवा म्हणून मी दोनदा घरी गेलो. आजी म्हणाली, "गुर्जी, मग बारकं कोण बघंल?" शेवटी तिच्या हातात शिक्षण हमी कार्ड दिलं. जिथं जाल तिथल्या शाळेत दाखवा, बसू देतील म्हटलं.

एप्रिलात ती परत आली. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, घडी मी घातली होती तशीच. "कुठं दाखवलं का गं?" तर म्हणे, "बापू म्हणले हरवू नको. मी नाही हरवलं." नऊचा पाढा विचारला, तर नऊ सक चोपन्नवर अडली.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणाल तर एवढंच, की व्हॅनचे पैसे ज्याला झेपतात तो पोरगं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत टाकतो. मागं राहतात तांड्यावरची, कोयत्यावरची. माझा पगार निम्मा केला तरी व्हॅन रिकामी येणार नाही. पगार विचारायचा तर विचारा, पण सोबत दिवाळीनंतर वर्गात पोरं किती बसतात हेही विचारा. साडूंनी वीस वर्षांत एकदाही विचारलं नाही.

हां, आमच्यातही नग आहेत. राहायचं अंबाजोगाईत, घरभाडं मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावी, राहतो म्हणून उचलायचं आणि साडेदहाच्या शाळेला अकराला टेकायचं. त्यांची बाजू मी घेत नाही.

आणि माझा थोरला पाचवीपासून अंबाजोगाईच्या इंग्रजी शाळेत होता. साडूंना हे माहीत आहे, म्हणून तर दर दिवाळीला विचारतात.