पोटापाण्यासाठी वाजवणाऱ्यानं हौशी अर्ली म्युझिक (युरोपातलं जुनं संगीत) गटात जावं का? हात बिघडतो का?

तुम्ही व्यावसायिक व्हायोलिनवादक आहात, एका हौशी गटानं बोलावलंय आणि तिथं आपला हात बिघडेल अशी धास्ती वाटतेय, असं तुम्ही लिहिलंय. धास्ती खरी आहे. माझा बिघडला होता.

मी चेलो वाजवते. 18 वर्षांपूर्वी अशाच एका गटात एका कार्यक्रमापुरती गेले. त्यांच्याकडे बास व्हायोला द गांबा पडून होता, वाजवणारं कोणी नव्हतं. वाटलं, चेलोचा चुलतभाऊ, त्यात काय! सहा तारा, मानेवर आतड्याच्या तारेचे बांधलेले पडदे, खाली टेकवायला दांडी नाही, दोन्ही पोटऱ्यांत धरायचं. गज खालून, तळहात वर करून. इथवर जमलं. पण चेलोवर जोराची मात्रा गज ओढताना येते, गांबावर ढकलताना. दोन-तीन महिने ऑर्केस्ट्रात माझा गज शेजाऱ्याच्या उलट जायचा. पुढे हाताला दोन्ही कळायला लागलं.

त्या बदल्यात कान मिळाला. गांबाचे पडदे सरकवता येतात, म्हणून आम्ही ते मीनटोन पद्धतीनं लावतो, म्हणजे गंधार शुद्ध किंवा त्याच्या जवळचा लागेल असे. पियानोवरचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो, म्हणजे अर्ध्या स्वराचा जवळजवळ सातवा भाग. आयुष्यभर मी तोच बरोबर मानत होते. गटात पहिल्यांदा खालचा, तंबोऱ्यातून आपोआप उमटतो तसला गंधार लागला, तेव्हा मला तो बेसूर वाटला! आता पियानोचा खुपतो. (व्यवसायाला हे सोयीचं नाही, आधीच सांगते.)

दुसरी गोष्ट वह्यांची. सोळाव्या शतकात प्रत्येक आवाजाची वही वेगळी छापत, मापाच्या उभ्या रेघांशिवाय. आम्ही तशाच प्रतींवरून वाजवतो. चुकलात तर 'कितव्या मापापासून' म्हणायची सोय नाही. इतरांचं ऐकत आपली जागा शोधायची. आमच्यात हुकणारे भरपूर आहेत. पण हुकून परत गाडीत चढायचं कसब मला संगीतशाळेत कोणी शिकवलं नव्हतं. तिथं हुकायचंच नसतं ना.

सगळं गोडीगुलाबीत चाललं असंही नाही. सहाव्या वर्षी मी हट्ट धरला की 415 ची पट्टी हवी (ज्या A स्वरावर सगळे वाद्य लावतात, त्याची सेकंदाला 415 कंपनं), आजच्या 440 पेक्षा अर्धा स्वर खालची. बहुतेकांचे रेकॉर्डर (उभी धरून फुंकायची युरोपीय बासरी) 440 चे, आणि रेकॉर्डर काही खुंट्या पिळून उतरवता येत नाही. दुसरा संच घ्या म्हटलं. वर, 'नाहीतर हे सगळं पोरखेळ आहे' असंही बोलून गेले. दोन वर्षं गेले नाही.

भांडण झालं तेव्हा आम्ही जर्मन संगीतकार प्रेटोरियसच्या 1612 च्या संग्रहातली नृत्यं बसवत होतो. त्या काळी सगळीकडे एकच पट्टी नव्हती, गावोगाव सूर वेगळा. 415 हा बरोक (सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपीय) संगीतासाठी विसाव्या शतकात ठरवलेला सोयीचा आकडा. म्हणजे प्राचीनतेच्या नावानं मी जे रेटत होते, ते मुळात आधुनिकच होतं. हे नंतर वाचलं आणि कान लाल झाले. त्यांचा फोन आला, 'बास नाही, सगळे हवेत तरंगतोय', तेव्हा माफी मागून परत गेले. आम्ही आजही 440 लाच वाजवतो.

रेकॉर्डरवाल्यांमुळे खूप शिकले. त्यात फुंक हलकी केली की सूर उतरतो, म्हणून ओळीच्या शेवटी ते खाली घसरतात. पूर्वी मी भुवया उंचावायचे. आता बासचा सूर तिथंच किंचित उतरवते आणि स्वरमेळ सावरतो.

तुम्ही गेलात तर पहिल्याच दिवशी वरची ओळ मागू नका, देऊ केली तरी. टेनर घ्या, मधली, जिच्याकडे श्रोत्यांचं लक्षही नसतं. सुरुवातीला दोन-तीन तालमी सल्ला देऊ नका. आणि स्वतःची पेन्सिल न्या, तिथं कोणाकडेच नसते.