पोर्ट्समथच्या छप्पर नसलेल्या गॅरिसन चर्चमधील स्मरणप्रार्थना

आपण विचारले आहे की, इंग्लंडमधील पोर्ट्समथ या बंदराच्या शहरातील रॉयल गॅरिसन चर्चला, म्हणजे सैन्याच्या चर्चला, छप्परच नसताना सैनिकांची स्मरणप्रार्थना तिथे का घेतात, आणि ख्रिस्ती नसलेल्या मराठी माणसाने तिला गेलेले चालते का. मी एका नोव्हेंबरात अशा प्रार्थनेला उपस्थित होतो, त्यावरून लिहितो.

हे चर्च पूर्ण पडलेले नाही. १० जानेवारी १९४१ च्या रात्री जर्मन विमानांनी टाकलेल्या आगीच्या बॉम्बनी पुढच्या भागाचे छत जळाले, मात्र वेदीकडचा भाग वाचला. आपल्या देवळाच्या भाषेत सांगायचे तर सभामंडप उघडा पडला आणि गाभारा शाबूत राहिला. युद्धानंतर सभामंडपावर पुन्हा छत घातले नाही, आणि माझ्या मते तेच योग्य झाले. कारण प्रार्थनेला जाणारा प्रत्येक जण आधी त्या उघड्या कमानींखालून, पावसाने भिजलेल्या फरशीवरून चालत जातो आणि मगच छताखाली येतो. युद्धाने काय नेले, हे त्याला कोणी भाषण करून सांगावे लागत नाही.

आम्ही दोन मिनिटांचे मौन उघड्या भागातच पाळले. बिगुल थांबला तेव्हा वर समुद्रपक्षी ओरडत होते आणि समोरच्या आइल ऑफ वाइट बेटाकडे निघालेल्या हॉवरक्राफ्टची (हवेच्या गादीवर चालणाऱ्या बोटीची) घरघर भिंतींवरून आत येत होती. माझ्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी छत्री मिटून टाकली होती. पाऊस चालू असूनही मौन संपेपर्यंत त्यांनी ती उघडली नाही.

ही वास्तू मुळात इ. स. १२१२ च्या सुमारास विंचेस्टरच्या बिशपने यात्रेकरू आणि आजारी माणसांसाठी बांधलेल्या धर्मशाळेचा भाग. सोळाव्या शतकात मठ मोडले गेले तेव्हा ती धर्मशाळाही बंद झाली आणि पुढे सैन्याचे चर्च झाली. मराठी वाचकाला जवळची वाटावी अशी गोष्ट पुढची आहे. याच आवारातील गव्हर्नरच्या वाड्यात, आज तो शिल्लक नाही, मे १६६२ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांचा विवाह झाला. त्या लग्नाच्या करारातच मुंबई बेट इंग्रजांना आंदण मिळाले होते, आणि राजाने ते १६६८ मध्ये वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले.

शिवाय चर्चच्या आवारातच चार्ल्स नेपियर याची कबर आहे. पुण्यातून सिंधवर गेलेला आणि १८४३ मध्ये मियानीच्या लढाईनंतर तो प्रांत जिंकणारा हाच तो सेनापती. त्या कबरीजवळ उभे राहताना माझे मन अस्वस्थ झाले, हे लपवीत नाही. मियानीला पडलेल्या बलुच योद्ध्यांची नावे तिथे कोणी घेत नाही. मौनात मी त्यांचीही आठवण काढली. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

म्हणून आपण निःशंक जावे. सगळे उभे राहतील तेव्हा उभे राहावे. स्तोत्र म्हणता येत नसेल तर गप्प राहिलेले चालते. युद्धात पडलेल्यांच्या स्मरणार्थ लावतात ती लाल कागदी पॉपी (खसखशीचे फूल) कोटावर लावावी की नाही, हा आपला प्रश्न आहे. समुद्र अगदी जवळ असल्यामुळे वारा बोचरा असतो, तेव्हा जाड कोट घालावा, आणि फरशी निसरडी असल्याने बुटांचे तळवे खरखरीत असावेत.