‘भरमार’, ‘ठासणीची’ आणि ‘चकमकीची’: तीन शब्द, दोन वेगळ्या गोष्टी

नागपुरातील एका वाचकाने पुढील प्रश्न विचारला आहे. जुन्या पद्धतीच्या, तोंडाकडून दारू भरायच्या रायफली आजही हाताने घडवणाऱ्या अमेरिकेतील कारागिरांवर ते मराठीत लेख लिहीत आहेत. गडचिरोलीच्या बातम्यांत त्यांना ‘भरमार बंदूक’ हा शब्द नेहमी दिसतो, घरातील वडीलधारी माणसे ‘ठासणीची बंदूक’ म्हणतात आणि एका जुन्या मजकुरात त्यांना ‘चकमकीची बंदूक’ सापडली. हे तिन्ही शब्द समानार्थी आहेत का, आणि ‘ठासणीची रायफल’ असे लिहिले तर ते चुकीचे ठरेल का, असे त्यांनी विचारले आहे.

‘ठासणीची रायफल’ हा प्रयोग निर्दोष आहे आणि त्यांनी तो निःशंकपणे करावा. तिन्ही शब्द समानार्थी मात्र नाहीत. ‘भरमार’ म्हणजे ठासणीचीच बंदूक, पण ‘चकमकीची’ हा शब्द वेगळी गोष्ट सांगतो. ‘ठासणीची’ हे विशेषण बंदूक भरतात कशी हे सांगते, ‘चकमकीची’ हे ती पेटते कशी (गार आणि पोलाद यांच्या ठिणगीने) हे सांगते, आणि ‘रायफल’ हा शब्द नळीच्या आत काय आहे हे सांगतो. एकच हत्यार ठासणीचेही असू शकते, चकमकीचेही आणि रायफलही. अठराव्या शतकातील पेनसिल्व्हेनियाची लांब नळीची रायफल नेमकी तशी होती. म्हणून ‘ठासणीची म्हणजेच चकमकीची’ असे लिहिले, तर वाचकाची दिशाभूल होते.

आधी ‘ठासणी’ पाहू. मराठीत ‘-णी’ या प्रत्ययाने दोन प्रकारची नामे होतात. चाळणी, फुंकणी, लेखणी ही साधनांची नावे आहेत, तर पेरणी, कापणी, मळणी ही कामांची. ‘ठासणीची बंदूक’ यातील ठासणी मी दुसऱ्या प्रकारातील, म्हणजे कामाचे नाव मानतो, कारण ज्या साधनाने ठासतात त्याला ‘गज’ हा स्वतंत्र शब्द आहे. मळणीचे यंत्र तशी ठासणीची बंदूक. ठासणे म्हणजे ठोकणे नव्हे, आणि रायफलीच्या बाबतीत हा फरक फार मोलाचा आहे. नळीच्या आत मळसूत्रासारख्या वळत गेलेल्या चरी असतात आणि गोळीने त्यांत घट्ट बसावे म्हणून ती तेल किंवा चरबी लावलेल्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळून आत सारतात. गजाने ती सलग दाबत थेट दारूपर्यंत न्यावी लागते. ठोकली तर मऊ शिशाची गोळी चेपते आणि नेम बिघडतो. मध्येच अडकून राहिली आणि दारू व गोळी यांच्यात पोकळी उरली, तर नळी फुटण्याचा धोका असतो. दाबून, गच्च, मध्ये जागा न ठेवता भरणे हा अर्थ मराठीत ‘ठासणे’ या एकाच क्रियापदात आहे. ‘ठासून भरलेले पोते’ म्हणताना आपण तोच अर्थ वापरतो.

उमरेडच्या बाजूला माझ्या मोठ्या मामांच्या घरी परवान्याची अशी एक बंदूक भिंतीवर असे. ती खाली काढली की मामा सर्वांत आधी नळीखालचा गज ओढून काढत आणि तोंडातून आत अलगद सोडत. नळी रिकामी असली तर गज तळाच्या लोखंडावर आपटून खणकन वाजे. मग गजावर कोरलेली बारीक रेघ ते आम्हांला दाखवत. रेघ नळीच्या तोंडाशी आली तर बंदूक रिकामी, आणि रेघ वर उभी राहिली तर आत बार आहे, असे समजायचे. बाहेरून पाहून भरलेली व रिकामी बंदूक ओळखता येत नाही, म्हणून ही खूण. ‘बार’ हा शब्द मी तिथेच प्रथम त्याच्या मूळच्या अर्थाने ऐकला. एका वेळी नळीत भरायचा दारूगोळीचा ऐवज म्हणजे बार. फुसका बार, लग्नाचा बार उडवणे, तंबाखूचा बार भरणे हे सगळे प्रयोग या ठासणीच्या काळाने मराठीला दिले आहेत.

‘भरमार’ हा शब्द विदर्भात हिंदीतून आला. भरणे आणि मारणे ही दोन्ही क्रियापदे त्यात स्पष्ट ऐकू येतात. वस्तू तीच, ठासणीची बंदूक. मी या शब्दाला अशुद्ध म्हणणार नाही, कारण चंद्रपूर-गडचिरोलीकडे तो लोकांच्या तोंडी आहे. मात्र पुण्या-कोल्हापूरकडील वाचक ‘सवलतींची भरमार’ एवढेच ओळखतो आणि ‘भरमार बंदुका जप्त’ या मथळ्याचा अर्थ तो पुष्कळ बंदुका असा लावण्याची शक्यता आहे. शिवाय बातम्यांमुळे या शब्दाला गावठी, विनापरवाना हत्याराचा वास लागला आहे. वर्ष वर्ष खपून रायफल घडवणाऱ्या कारागिराच्या लेखात तो नको. परवान्याच्या कागदावर ‘एसबीएमएल’ अशी अक्षरे असतात, ती एकनळी ठासणीच्या बंदुकीचीच.

आता पेटवण्याची बाजू. जळती वात टेकवून पेटणारी ती तोड्याची किंवा जामगीची बंदूक, पोलादावर गार घासून ठिणगी पाडणारी ती चकमकीची, आणि तांब्याची लहान टोपी फोडून पेटणारी ती टोपीची. 1817 च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई झाली तेव्हा अप्पासाहेब भोसल्यांच्या पदरचे अरब आणि समोरचे कंपनीचे शिपाई, दोघांच्याही बंदुका ठासणीच्याच होत्या. फरक पेटवण्यात होता. अरबांकडे तोडा होता आणि कंपनीकडे चकमक.

येथे ‘काडतूस’ या शब्दाबद्दल सावध करणे मला आवश्यक वाटते. ठासणीच्या उलट ‘काडतुसाची बंदूक’ असे आपण सहज बोलतो आणि बोलण्यात ते चालते. लिहिताना मात्र 1857 आठवावे. ज्या काडतुसांवरून तेव्हा असंतोष भडकला, ती 1853 च्या नमुन्याच्या एन्फील्ड रायफलीची होती आणि ती रायफल ठासणीचीच होती. काडतूस कागदाचे असे. ते दाताने फाडून दारू नळीत ओतायची आणि गोळी गजाने ठासायची. काडतूस आहे म्हणून ठासणी नाही, असे म्हणता येत नाही. उलट अर्थ हवा असेल तर ‘मागून भरायची बंदूक’ असे सरळ लिहावे.

अवयवांची नावे मराठीत तयार आहेत आणि ती वापरावीत. लाकडी भागाला दस्ता, बोटाने ओढतात तो चाप, वरून आपटतो तो घोडा, नळीच्या टोकावरची नेम धरण्याची खूण म्हणजे माशी. घोडा आणि चाप यांची बोलण्यात अदलाबदल होते; कारागिरीच्या लेखात ती होऊ देऊ नये. नळीच्या बुडाशी असलेले, आत आग नेणारे बारीक भोक म्हणजे कान, आणि कानाशी ठेवायची बारीक दारू म्हणजे रंजक. शत्रूच्या तोफा निकामी करायच्या तर त्यांच्या कानांत खिळे मारत, तो हाच कान. बार भरायचा तोंडातून आणि पेटवायचा कानातून, हे ज्याने प्रथम म्हटले त्याने हत्याराकडे फार नीट पाहिले होते.

शेवटच्या हाताच्या कामाला या वाचकाने आपल्या लेखात सरसकट ‘पॉलिश’ लिहिले आहे, ते मला खटकले. लाकडावर जवसाचे तेल तळहाताने चोळून पातळ थर एकावर एक जिरवतात; याला ‘तेल मुरवणे’ म्हणावे, आणि जवस पिकवणाऱ्या विदर्भाला ते समजावून सांगावे लागणार नाही. नळीचे काम याहून निराळे आहे. हत्यारावरचा गंज काढून ते लखलखीत करणे म्हणजे शिकल, आणि ते करणारा शिकलगार. हे कारागीर मात्र नळीवर मुद्दाम एकसारखा गंज चढवतात, तो घासून बसवतात, पुन्हा चढवतात आणि हव्या त्या गडद तपकिरी छटेला आल्यावर थांबवून तेल लावतात. शिकलीच्या नेमके उलटे असलेले हे काम ‘पॉलिश’ या शब्दाखाली झाकले जाते. ‘नळीला तपकिरी रंग चढवणे’ असे लिहून पुढच्या वाक्यात रीत सांगावी.

निगा राखण्याबद्दल त्यांनी ‘नळी धुतात’ असे लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकले आहे. ते काढून टाकावे. काळी दारू जळाल्यावर नळीत क्षारांचा थर उरतो आणि तो हवेतील ओल ओढून घेतो. नागपूरच्या श्रावणात अशी नळी तशीच ठेवली तर फार लवकर गंजेल. म्हणून ती खरोखरच गरम पाण्याने धुतात, गजाला फडके गुंडाळून कोरडी करतात, सुईने कान मोकळा करतात आणि मग तेलाचा हात फिरवतात. येथे ‘धुणे’ हेच क्रियापद योग्य आहे.

आपल्याकडे बोलताना ‘ठासनी’ असा उच्चार पुष्कळदा ऐकू येतो. लेखात एखाद्या गावकऱ्याचे बोलणे जसेच्या तसे दिले असेल तेथे तो ठेवावा, इतरत्र ‘ठासणी’ लिहावे. पहिले वाक्य मी असे करीन: ‘हे कारागीर चकमकीच्या, ठासणीच्या रायफली हाताने घडवतात.’